टूर द फ्रान्सचं प्रक्षेपण: कुठली तक्रार कोणाच्या दारात न्यायची?

टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत टीव्हीवर बघताना तुमच्या तीन तक्रारी आहेत. निर्णायक हल्ला (कोणीतरी अचानक वेग वाढवून सुटतो तो क्षण) नेमका दिसत नाही, त्या वेळी किल्ले आणि द्राक्षमळे दाखवतात, आणि पडद्यावरचं दोन गटांतलं अंतर ४० सेकंदांवरून एकदम १ मिनिट १० वर जातं. तिन्ही खऱ्या आहेत, पण तिन्हींचे धनी वेगळे. किल्ल्यांवर सगळेच चिडतात. मला ती सगळ्यांत किरकोळ गोष्ट वाटते. खरा प्रश्न कॅमेऱ्याच्या मोटरसायकलींचा आहे, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही.

आधी चित्र येतं कसं ते. कॅमेरामन मोटरसायकलवर मागे बसलेला असतो. त्याच्या कॅमेऱ्याचा सिग्नल वर हेलिकॉप्टरकडे, तिथून आणखी उंचावर घिरट्या घालणाऱ्या विमानाकडे आणि शेवटी फिनिशजवळ उभ्या प्रक्षेपण-गाड्यांकडे जातो. तिथे बसलेला दिग्दर्शक चित्र निवडतो. टूरचं हे मूळ चित्र फ्रान्स तेलेव्हिजिओं या फ्रेंच सरकारी वाहिनीची मंडळी तयार करतात. बाकी देशांतली चॅनेल्स तेच घेऊन त्यावर आपली कॉमेंट्री चढवतात. म्हणजे ‘आपल्या चॅनेलनं हल्ला चुकवला’ हे बहुतेकदा तेव्हाच खरं, जेव्हा मध्ये जाहिरात होती.

मग दिग्दर्शक का चुकतो? शर्यत चार-पाच गटांत फुटली की प्रत्येक गटामागे एक मोटरसायकल द्यायची, एवढ्यातच सगळ्या खर्ची पडतात. त्यात पंचांचा नियम असा की दोन गटांतलं अंतर फार कमी झालं की मधली वाहनं बाहेर काढायची, नाहीतर मागच्यांना वाऱ्यापासून त्यांचा आडोसा मिळतो. आणि हल्ला होतो तो अंतर कमी असतानाच. त्या क्षणी तिथे कॅमेरा नसणं हे बऱ्याचदा नियम पाळल्याचं लक्षण असतं. त्यावर ओरडू नये.

हवामान हा दुसरा धनी. ढग खाली आले की हेलिकॉप्टर उडत नाही, साखळीतला एक दुवा गेला की खालचा कॅमेरा चालू असूनही चित्र पोचत नाही. २४ मे २०२१ ला जिरोमध्ये, म्हणजे इटलीतल्या अशाच शर्यतीत, आघाडीवर असलेल्या एगान बेर्नालनं पासो जाऊ या घाटावर हल्ला केला आणि कोर्तिना द’आम्पेत्सोला एकटा आला; त्या स्पर्धेतला बहुधा सर्वांत देखणा प्रसंग, आणि थेट चित्र जवळपास नव्हतंच. फिनिशच्या पक्क्या कॅमेऱ्यात तो जॅकेट काढून आघाडीवीराची गुलाबी जर्सी दाखवत येताना दिसला, एवढंच. दाट झाडीत आणि अरुंद खिंडीत चित्राचे चौकोन होतात तेही सिग्नल तुटल्यानंच.

आता किल्ले. ते बहुधा शर्यत शांत असतानाच येतात आणि गावं टूरला यजमानपदाचे पैसे मोजतात ती याचसाठी. गंमत म्हणजे आडवा वारा असला की सगळ्यात मोलाचं चित्र त्याच हेलिकॉप्टरचं. १५ जुलै २०१९ ला आल्बीच्या टप्प्यात वाऱ्यानं पेलोटॉन (सायकलपटूंचा मुख्य घोळका) फाटला, फ्रेंच सायकलपटू तीबो पिनोचे १ मिनिट ४० सेकंद गेले. असे तिरपे, रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेले एशेलॉन (वारा चुकवायला केलेल्या रांगा) फक्त वरून कळतात. पुढच्या मोटरसायकलवरून बघाल तर नुसती गर्दी दिसेल, कारण लांब पल्ल्याची लेन्स खोली चेपून टाकते: १५० मीटर मागे असलेला गट मागच्या चाकाला चिकटल्यासारखा वाटतो. अंतराबद्दल समोरच्या चित्रावर कधीच विश्वास ठेवू नका.

अंतराच्या आकड्यांचं काय करायचं ते सांगतो. २०१५ पासून टूरमध्ये सॅडलखाली जीपीएस ट्रान्समीटर असतो, पण सिग्नल तुटतो, आणि गट फुटला की अंतर नक्की कोणापासून मोजायचं तेच बदलतं: पिवळ्या जर्सीचा (एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याचा) गट, की त्याच्या पुढे निघालेले सहा जण? उडी दिसली की आधी हे तपासा. मग स्वतः मोजा. कमान, पूल, घाटमाथ्याची पाटी, काहीतरी पक्की खूण धरा. पुढचा सायकलपटू तिथून गेला की स्टॉपवॉच सुरू, मागच्या गटाचा पहिला माणूस तिथे आला की बंद. प्रक्षेपण काही सेकंद उशिरा येत असलं तरी फरक पडत नाही, दोन्ही चित्रं तेवढीच उशिरा येतात. मध्ये रिप्ले आला असेल तर मात्र ती मोजणी सोडून द्या.

सेकंदांचं मीटरमध्ये रूपांतर डोक्यात ठेवलं की निम्मी कॉमेंट्री आपोआप गळून पडते. ३० सेकंद म्हणजे ताशी २० किमीच्या चढावर साधारण १६५ मीटर, ४५ च्या सपाटीवर ३७५ मीटर, आणि ८० च्या उतारावर ६६५ मीटर. म्हणून माथा ओलांडला की पुढचा ‘सुटला, सुटला’ असा आरडाओरडा होतो. वेळ तेवढीच असते, फक्त रस्ता लांब दिसतो.

पाठलाग यशस्वी होणार का, याला जुना ठोकताळा आहे तो रोबेर शापात या फ्रेंच टीव्ही समालोचकाच्या नावानं ओळखला जातो: पेलोटॉन दर १० किमीला १ मिनिट कापतो. हिशेब करून पाहा. पुढचे ४५ नं जात असतील तर १० किमीला १३ मिनिटं २० सेकंद. मागच्यांना ते १२ मिनिटं २० सेकंदांत करायचे तर ताशी ४८.६ किमी हवेत. म्हणजे फक्त साडेतीन किमीचा फरक, पण तो कोणीतरी वाऱ्यात राबून काढायला हवा. स्प्रिंटरांच्या (फिनिशला वेगानं झेपावणाऱ्यांच्या) संघांनी पुढे माणसं लावलेली नसतील, किंवा वळणांचा अरुंद रस्ता असेल, तर हा नियम कोलमडतो. अशा दिवशी ब्रेकअवेवर, म्हणजे पुढे सुटलेल्या गटावर, पैज लावा.

चढ किती उभा आहे ते टीव्हीवर कळत नाही, कारण मोटरसायकल रस्त्याबरोबरच तिरकी असते. रस्ता पाहू नका; कडेच्या घरांची जोती आणि खिडक्यांच्या ओळी पाहा, त्या आडव्याच असतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात ‘घाटाचा राजा’च्या चढाला उभं राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय वेळ लावून चढण्याचा वेग काढता येतो: टूरमधला आल्प द्युएझ हा चढ १३.८ किमी, सरासरी ८.१ टक्के, म्हणजे सुमारे १,१२० मीटर उंची. ४० मिनिटं लागली तर तासाला साधारण १,६८० मीटर. पडद्यावरच्या वॉटच्या (सायकलपटूच्या ताकदीच्या) आकड्यापेक्षा हे जास्त भरवशाचं. वॉट दाखवलेच तरी मोजक्याच लोकांचे, आणि वजन नीट माहीत नसेल तर त्यांची तुलना करता येत नाही.

आता मोटरसायकली. वायुगतिकीचे संशोधक बर्ट ब्लॉकेन यांच्या गटानं केलेल्या अभ्यासात पुढे मोटरसायकल असताना सायकलपटूचा हवेचा अडथळा साधारण २.५ मीटरवर ४८ टक्के, १० मीटरवर २३, ३० वर १२ आणि ५० वरसुद्धा ७ टक्के कमी झाला. लक्षात घ्या, पन्नास मीटरवर! एकट्यानं सुटलेल्याचा ‘सुंदर’ क्लोजअप म्हणजे त्याला फुकटची मदत. उलट बाजूही आहे: १५ जुलै २०२३ ला टूरमध्ये जू प्लान घाटाच्या माथ्याजवळ पोगाचार या सायकलपटूनं हल्ला केला तेव्हा गर्दीत अडकलेल्या मोटरसायकलींनी त्याची वाट अडवली, दुसऱ्या दिवशी त्या मोटरसायकलींना शर्यतीबाहेर ठेवलं. २०१६ मध्ये माँ व्हाँतू या डोंगरावर रिची पोर्त थांबलेल्या मोटरसायकलवर आदळला आणि मागोमाग पिवळ्या जर्सीतला क्रिस फ्रूम पडला, फ्रूमचं पुढे पळत सुटणं सगळ्यांनी पाहिलंय. २०११ ला तर टीव्हीच्या गाडीनं फ्लेचा या सायकलपटूला धडक दिली आणि त्याच्याबरोबरचा होखरलंट काटेरी तारेत जाऊन पडला, ३३ टाके. हेलिकॉप्टरही निर्दोष नाही: २०२० च्या जिरोत त्याच्या वाऱ्यानं उडालेले अडथळे सायकलपटूंवर आले. म्हणून ‘अजून जवळून दाखवा’ अशी मागणी कोणी केली की मी विरोधात असतो. लांबून, वरून आणि बाजूनं दाखवा, अंतर बरोबर द्या, कोणत्या गटात कोण आहे ते नावानिशी लिहा. त्यातलं शेवटचं सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी मिळतं.

२०१७ पासून टूरचे सगळे टप्पे पहिल्या किलोमीटरपासून थेट दिसतात, पण सगळं बघायची गरज नाही. जुलैत फ्रान्स आपल्या साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे तिथली संध्याकाळची साडेपाचची फिनिश आपल्याकडे रात्री नऊला पडते. सपाट टप्पा असेल तर साडेआठला लावा. डोंगराचा असेल तर शेवटून दुसऱ्या घाटाच्या पायथ्यापासून, म्हणजे साधारण साडेसातपासून. आणि हवामानाच्या अंदाजात आडवा वारा दिसत असेल तर सपाट टप्पासुद्धा दुपारपासूनच; नकाशावर रस्ता वाऱ्याला आडवा वळतो ती गावं आधीच लिहून ठेवा, कारण कॉमेंट्रेटरला ते कळेपर्यंत पेलोटॉन फुटलेला असतो.