फितुरी वेळेत पकडली असं कधी झालंय का?

प्रश्न : सर नमस्कार, सुट्टीत पोरांना दौलताबाद दाखवून आणलं. अंधारीतून जाताना गाईड म्हणला असले किल्ले लढून पडत नसतेत, आतला माणूस फोडावा लागतो. तर पोरगा म्हणला पप्पा, फितूर कधी सापडतच नाही का? मला उत्तर सुचेना.
– एक वाचक, परभणी

उत्तर : भाऊ, पोरानं फार मोलाचं विचारलंय. गाईडच्या डोक्यात गोवळकोंडा असेल, १६८७ ला औरंगजेबाचा आठ महिने वेढा, तोफा सुरुंग सगळं करून झालं अन् शेवटी आतल्याच सरदारानं रात्री दार उघडलं. पण फितूर सापडल्याचं पण उदाहरण आहे, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचं.

१६४३ साल, राजा पहिला चार्ल्स विरुद्ध पार्लमेंट अशी यादवी पेटलेली. शहर पार्लमेंटकडं, गव्हर्नर नॅथॅनियल फाइन्स. पण तिथले व्यापारी रॉबर्ट येमन्स अन् जॉर्ज बाउचर मनानं राजाचे. त्यांचं ठरलेलं की ७ मार्चच्या रात्री चर्चच्या घंटा वाजवायच्या, वेस उघडायची, अन् बाहेर माळावर राजाचा भाचा प्रिन्स रूपर्ट घोडदळ घेऊन तयारच. फाइन्सला थोडंच आधी कुणकुण लागली, येमन्सच्या घरात जमलेली माणसं हत्यारांसकट धरली. घंटा वाजल्याच नाहीत, रूपर्ट वाट बघून माघारी गेला. राजाकडून धमक्या आल्या की तुमचे कैदी आम्ही पण लटकवू, तरी ३० मे ला दोघांना फाशी दिली, येमन्सच्या घरासमोरच.

आपण फितूर म्हणलं की पैसे खाल्लेला माणूस समजतो, पण येमन्सला मी तसा नाही मानत, तो आपल्या राजाशी इमानानंच वागत होता. यादवीत हेच वाईट, एकाच गल्लीत दोन इमानं असतात.

अन् पोराला पुढचं पण सांगाच. २६ जुलैला रूपर्टनं तेच ब्रिस्टल सरळ हल्ला करून घेतलं, आतून कोणी दार उघडलं नव्हतं! तटाचा घेर लांबलचक अन् राखायला माणसं जेमतेम १८००, कारण बरीच फौज आधीच पार्लमेंटच्याच जनरल वॉलरच्या मदतीला पाठवलेली अन् वॉलरचा १३ जुलैला राउंडवे डाउनवर पार धुव्वा उडालेला. तेव्हा गाईडचं म्हणणं मला अर्धंच पटतं, माणसं कमी पडली तरी शहर पडतंच. ज्या फाइन्सनं कट पकडला त्याच्यावरच पुढं शहर घालवल्याचा खटला चालला, मृत्युदंड सुनावला, माफी मिळाली म्हणून वाचला.