लॅपटॉपवरचे घरचे व्हिडिओ डीव्हीडीवर घेतले, पण टीव्हीच्या प्लेअरवर लागत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: लॅपटॉपवर बहिणीचं लग्न, बारसं, त्र्यंबोलीची जत्रा असे व्हिडिओ आहेत, काही जुन्या हँडीकॅमचे, बाकी मोबाइलचे. गारगोटीला आजीला टीव्हीवर बघता यावेत म्हणून ते कोऱ्या डीव्हीडीवर कॉपी केले. लॅपटॉपवर डीव्हीडी चालते, आजीच्या प्लेअरवर 'नो डिस्क' येतं.

कोल्हापुरात बरीच वर्षं लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग केलंय, त्यामुळे हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. तुमची डीव्हीडी खराब नाही आणि आजीचा प्लेअरही बिघडलेला नाही.

कोरी डीव्हीडी घातली की विंडोज विचारतं, ही पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? बहुतेक जण दुसरा पर्याय निवडतात आणि निर्धास्त होतात. तिथंच फसगत होते. त्या पर्यायानंही फायली जशाच्या तशा डिस्कवर जातात, टीव्हीच्या प्लेअरला लागते तशी मांडणी काही होत नाही. प्लेअर डिस्कवर 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर शोधतो. त्यात ठरलेल्या नावाच्या व्हीओबी (चित्र-आवाजाच्या) आणि आयएफओ (त्यांच्या यादीच्या) फायली हव्यात, चित्र एमपेग-२ या जुन्या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत हवं, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ आकाराचं, सेकंदाला २५ फ्रेम. डीव्हीडी बाजारात आली १९९६ च्या शेवटी. मोबाइल ज्या एच.२६४ या दाबायच्या पद्धतीत शूट करतो ती ठरली २००३ मध्ये. जुन्या प्लेअरला तुमची एमपीफोर फाइल कळायची कशी? म्हणजे फायली नुसत्या कॉपी करून भागणार नाही, त्या त्याच्या पद्धतीत बदलून मग राईट कराव्या लागतील.

पण त्याआधी आजीकडच्या कुणालातरी फोन करून टीव्ही आणि प्लेअर नीट बघायला सांगा. टीव्ही एलईडी असेल आणि त्याला यूएसबीचं भोक असेल तर पेनड्राइव्हवर एमपीफोर टाकून बघायला हरकत नाही, बहुतेक चालतं. प्लेअरला यूएसबी असेल तर मात्र लगेच खूश होऊ नका. त्या काळचे प्लेअर पेनड्राइव्हवरूनही फार तर डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड या जुन्या पद्धतींची एव्हीआय फाइल वाचतात, मोबाइलची नाही. पेनड्राइव्हही बहुधा फॅट-३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेलाच लागतो, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. माझं मत विचाराल तर म्हाताऱ्या माणसांसाठी डिस्कच बरी. पेनड्राइव्ह लावला की रिमोटनं सोर्स बदला, फोल्डर शोधा, ही सगळी कसरत आली. डीव्हीडी आत सरकवली की आपोआप सुरू होते.

आता कृती. विंडोज व्हिस्टा आणि ७ च्या काही आवृत्त्यांत डीव्हीडी मेकर नावाचा प्रोग्राम यायचा, विंडोज ८ पासून तो गेला. त्यामुळे 'डीव्हीडी स्टायलर' घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवून घ्या. नवीन प्रोजेक्ट उघडताना तो डिस्कची क्षमता, पाल की एनटीएससी (अमेरिका-जपानकडची टीव्ही पद्धत), आणि चित्र ४:३ हवं की १६:९ हे विचारतो. पाल निवडा. आजीकडे जुना डब्यासारखा टीव्ही असेल तर ४:३, नाहीतर १६:९. मग व्हिडिओ ओढून आत टाका, मेनूचं पान हवं असेल तर एखादा फोटो मागे लावा. शेवटी थेट डिस्कवर न मारता आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फायलीतली प्रत, बनवा. ती लॅपटॉपवर तयार झाली की तिच्यावर राइट क्लिक करून विंडोजमधूनच डिस्क राईट करता येते. त्या खिडकीत राईट झाल्यावर तपासणी करायची खूण असते, ती केलीच पाहिजे. आयएसओ हाताशी असली की काकांना, मावशीला आणखी प्रती काढायला पुन्हा सगळा खटाटोप करावा लागत नाही.

डिस्कवर किती मावेल हा प्रश्न पुढे येणारच. इथं जीबी मोजू नका, मिनिटं मोजा. तुमच्या फायली ४० जीबीच्या असोत की ४ जीबीच्या, प्रोग्राम त्या नव्यानं दाबून बसवतो. ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीवर (कॉम्प्युटर ती ४.३७ दाखवतो, कारण तो हजाराऐवजी १०२४ नं भागतो) तासाभराचं चित्र उत्तम बसतं. दोन तासांचं केलं तर सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वाट्याला येतात, तेही चालून जातं. तीन-चार तास कोंबले की वरातीतली गर्दी म्हणजे नुसते चौकोनी ठिपके. लग्नाच्या दुकानदारीत एकाच डिस्कमध्ये सगळं बसवून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं पुष्कळ यायची, त्यांना मी दोन डिस्क द्यायचो आणि पैसे एकीचेच लावायचो, कारण नंतरची कटकट महाग पडते.

हँडीकॅमच्या व्हिडिओंकडे वेगळं लक्ष द्या. मिनी डीव्ही कॅसेटवरून फायरवायर वायरीनं उतरवलेली फाइल तासाला १३ जीबीच्या आसपास असते. तिच्यात चित्र एक सोडून एक ओळींच्या दोन फील्डमध्ये विभागलेलं असतं आणि खालची फील्ड आधी येते. डीव्हीडी बनवताना बहुतेक प्रोग्राम वरची आधी धरून चालतात. ही अदलाबदल झाली तर बसलेली माणसं ठीक दिसतात, पण हलगीवर नाचणारी पोरं किंवा लेझीम आलं की चित्र पुढे-मागे थरथरतं. लॅपटॉपवर हा दोष बऱ्याचदा दिसतच नाही, जुन्या टीव्हीवर दिसतो. डीव्हीडी स्टायलरमध्ये व्हिडिओच्या प्रॉपर्टीत फील्डची निवड असते, ती बदलून बघा. जत्रेतला पळापळीचा एक मिनिटाचा तुकडा काढून डीव्हीडी-आरडब्ल्यू डिस्कवर मारा आणि तो टीव्हीवर लावा. आरडब्ल्यू पुसून परत वापरता येते.

मोबाइलच्या व्हिडिओंचं दुखणं निराळं. एक तर उभे घेतलेले. १६:९ च्या पडद्यावर उभं चित्र रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग व्यापतं, बाजूला काळ्या पट्ट्या. त्याला इलाज नाही, ते तसंच राहू द्या. ताणून रुंद केलं तर नवरी ओळखू येणार नाही. दुसरं म्हणजे मोबाइल फ्रेमचा वेग सतत बदलत शूट करतो, त्यामुळे लांबलचक व्हिडिओत ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात. तसं झालं तर ती फाइल आधी 'हँडब्रेक' या व्हिडिओ बदलायच्या फुकट प्रोग्राममधून एकसमान फ्रेमरेटवर काढून घ्या. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

कोऱ्या डिस्कबद्दल: कोऱ्या डिस्क डीव्हीडी प्लस आर आणि डीव्हीडी मायनस आर अशा दोन जातींच्या येतात, जुन्या प्लेअरला प्लस आरपेक्षा मायनस आर जास्त मानवते, असा माझा अनुभव. राईट करायचा वेग ४ एक्स (चौपट) ठेवा, पंधरा मिनिटं लागतात, लागू द्यात. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीचा बाहेरचा रायटर मिळतो, राजारामपुरी किंवा शाहूपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानांत विचारा. तो मधेच बंद पडत असेल तर यूएसबीचा करंट पुरत नसतो, दोन तोंडांची वायर लावून बघा. डिस्कवर स्टिकर चिकटवू नका आणि बॉलपेननं लिहू नका. सीडीवर लिहायचा मार्कर मिळतो, त्यानं आतल्या पारदर्शक कड्यावर नाव टाका.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. डीव्हीडी झाली म्हणून लॅपटॉपवरचे मूळ व्हिडिओ पुसू नका. मोबाइलचं फुल एचडी चित्र १९२० बाय १०८० चं असतं, डीव्हीडीवर त्याचे ठिपके बरोबर एक पंचमांश उरतात. उद्या त्यातून चांगली प्रत काढता येणार नाही. डीव्हीडी आजीला बघायला, मूळ फायली दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर आणि त्याही दोन वेगळ्या घरांत. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा एकाच कपाटात अल्बम, कॉम्प्युटर आणि डिस्क असलेल्या घरांचं काय झालं हे तुम्हाला ठाऊक असेलच. गंमत म्हणजे चिखलात सापडलेल्या डिस्क कधीकधी वाचतात. स्वच्छ पाण्यानं धुवायच्या, मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसायच्या, गोल फिरवून नाही, आणि सुकल्या की लगेच कॉपी करून घ्यायच्या. पाण्यात बुडालेल्या हार्डडिस्कला हे नशीब क्वचित लाभतं.

आणि घरात जुन्या लग्नांच्या व्हीसीडी (डीव्हीडीआधीच्या, व्हिडिओ असलेल्या सीडी) असतील तर आजीच्या डीव्हीडीआधी त्या उतरवून घ्या. आतल्या 'एमपेगएव्ही' फोल्डरमधली डॅट फाइल लॅपटॉपवर कॉपी करायची, नावाच्या शेवटी डॅटच्या जागी एमपीजी केलं की बहुतेक प्लेअर ती उघडतात. चित्र मुळातच ३५२ बाय २८८ चं असतं, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका. कॉपी अर्ध्यात अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हवर घालून बघा. एका ड्राइव्हनं नाकारलेली सीडी दुसरा वाचतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.