वाचकांचे प्रश्न : चार्टर शाळेत आयईपी टिकतो का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा तिसरीत आहे, त्याला डिस्लेक्सिया आहे. जुन्या शाळेच्या आयईपीत (अशा मुलाला शाळेने कोणत्या विशेष सेवा द्यायच्या, याचा लेखी आराखडा) रोज 40 मिनिटं रिसोर्स रूम (विशेष शिक्षकाकडे वेगळ्या वर्गात शिकणं) आणि आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी होती. लॉटरीत चार्टर शाळेत (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र मंडळाकडून चालणारी शाळा) नंबर लागला. आता शाळा म्हणते, ‘आमच्याकडे रिसोर्स रूम नाही. 504 प्लॅन करू, नाहीतर त्याला जुन्या शाळेत न्या.’

उत्तर : शाळा सोडण्याच्या (विथड्रॉवल) फॉर्मवर सही करू नका. केलीत, तर तुम्ही आपखुशीने शाळा सोडली अशी नोंद होईल. चार्टर शाळेचं मंडळ वेगळं असलं, तरी ती सार्वजनिक शाळाच आहे. अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा ‘आयडिया’ हा केंद्रीय कायदा तिला पूर्ण लागू होतो. शिक्षक नसेल तर नेमायचा किंवा बाहेरून आणायचा. ‘सोय नाही’ ही सबब चालत नाही. न्यू जर्सीत या कामापुरती चार्टर शाळा स्वतःच डिस्ट्रिक्ट (भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणारी संस्था) धरली जाते (सगळ्या राज्यांत तसं नाही), त्यामुळे ती ही जबाबदारी जुन्या डिस्ट्रिक्टवर ढकलू शकत नाही. फक्त मुलाला खासगी विशेष शाळेची गरज ठरली, तर तो खर्च तुम्ही राहता त्या डिस्ट्रिक्टकडे जातो.

504 प्लॅन, म्हणजे भेदभावविरोधी कायद्याखालचा सवलतींचा आराखडा, गोड वाटतो. त्यात बहुधा जादा वेळ, पुढचा बाक अशा सवलती मिळतात. रोजची 40 मिनिटं मात्र जातात.

प्राचार्य आणि चाइल्ड स्टडी टीमच्या (मुलाची तपासणी करून आयईपी आखणारा शाळेतला तज्ज्ञांचा गट) केस मॅनेजरला आजच ईमेल करा : ‘जुन्या आयईपीच्या तोडीच्या सेवा लगेच सुरू करा. नाकारत असाल, तर कारणांसह लेखी नोटीस द्या.’ ही नोटीस देणं शाळेवर बंधनकारक आहे. तोंडी नकार देणारे लिहून द्यायची वेळ आली की बरेचदा नरमतात. बुडालेल्या प्रत्येक तासाची तारीख टिपून ठेवा, भरपाईचे तास मागता येतात.

पुढे बैठकीत 40 ची 20 मिनिटं केलेला नवा आयईपी समोर आला, तर खरी मेख इथे आहे. सही केली नाही म्हणजे तो अडला, असं अनेक पालक समजतात. न्यू जर्सीत सही लागते ती मुलाच्या अगदी पहिल्या आयईपीला. नंतरचा बदल नोटिशीनंतर 15 दिवसांनी आपोआप लागू होतो. त्या 15 दिवसांतच राज्याच्या शिक्षण खात्याकडे मध्यस्थी किंवा ड्यू प्रोसेसचा (न्यायाधीशापुढच्या सुनावणीचा) अर्ज करा. मग वाद मिटेपर्यंत जुनाच आयईपी चालतो. सेवा मुळी दिल्याच नाहीत, तर खात्याकडे तक्रारही करता येते, पण एका वर्षाच्या आत.

आई-वडिलांपैकी कुणाला इंग्रजी जड जात असेल, तर बैठकीला मराठी दुभाषी मागा. खर्च शाळेचा. मुलालाच दुभाषी बनवू नका.

प्रश्न : मुलगी ऑटिस्टिक आहे, तिचा आयईपी आहे. चार्टर शाळा आठवड्यातून दोनदा दुपारीच फोन करते, ‘आज घेऊन जा.’

उत्तर : वागणुकीवरून असं घरी पाठवणं म्हणजे नाव न घेता केलेलं निलंबनच. केंद्रीय शिक्षण खात्याने 2022 साली तसं स्पष्टही केलं. एका वर्षात असे 10 पेक्षा जास्त दिवस झाले आणि त्यांत ठरावीक साचा दिसला, तर तिचं वागणं अपंगत्वातून आलं का, हे ठरवायला शाळेला बैठक घ्यावी लागते. दर वेळी ईमेलवर विचारा, ‘हे निलंबन आहे का? किती वाजता, कशामुळे पाठवलं?’ आणि वर्तनाची कारणं शोधणारं मूल्यमापन, म्हणजे एफबीए, लेखी मागा.