हेपॅटायटिस सी झाला तर लिव्हरचं ऑपरेशन करावं लागतं का?

तुमच्या वडिलांना हेपॅटायटिस सी निघालाय, पाहुणे म्हणतात लिव्हरचा खराब भाग कापला की विषय संपला, आणि ते नाशिकमध्ये होतं का असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण आमच्या अण्णांची फाइल काखेत घेऊन चार वर्षं मीच फिरलोय.

पाहुण्यांचं ऐकू नका. हा विषाणू रक्तात फिरतो. तुकडा कापला तरी उरलेल्या लिव्हरमध्ये तो असतोच. अहो, अख्खं लिव्हर बदललं तरी रक्तात विषाणू शिल्लक असेल तर तो नव्यालाही धरतो. तो जातो गोळ्यांनीच.

1993 मध्ये नाशिकच्या द्वारका चौकाजवळ ट्रकनं उडवल्यावर अण्णांना तीन बाटल्या रक्त चढवलं होतं. रक्तदात्यांची या विषाणूसाठी तपासणी आपल्याकडे सक्तीची झाली ती 2001 मध्ये. मग 2019 ला मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत ‘एचसीव्ही रिअॅक्टिव्ह’ आलं, म्हणजे रक्तात हेपॅटायटिस सीच्या विषाणूची खूण सापडली. फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) केला तर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर वण पडून कडक झालेलं. माळकरी माणूस, दारूचा थेंब नाही, तरी भाऊबंदांच्या नजरा कशा होत्या ते विचारू नका.

विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या: सोफोसबुव्हिर-वेल्पाटास्विर, रोज एक गोळी, बारा आठवडे. 28 गोळ्यांच्या तीन डब्या. आई रोज कालनिर्णयवर फुली मारायची. भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून: अण्णांना उठल्या उठल्या अॅसिडिटीची गोळी लागायची आणि तिच्यामुळे वेल्पाटास्विर अंगी नीट लागत नाही. डॉक्टरांनी ती बंद केली, अण्णा आठवडाभर फुगून बसले. कोर्स संपून बारा आठवड्यांनी आरएनए (रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का ते दाखवणारी तपासणी) तपासला, ‘नॉट डिटेक्टेड’, म्हणजे विषाणू गेला.

ऑपरेशनचा प्रश्न येतो तो विषाणूनं आधीच करून ठेवलेल्या नुकसानापायी. सिरॉसिस झालेल्या लिव्हरला विषाणू गेल्यावरही कॅन्सरचा धोका राहतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. 2023 मध्ये तिच्यात 2.2 सेंटिमीटरची गाठ दिसली. तेव्हा कुठे आम्ही पहिल्यांदा सर्जनसमोर बसलो. त्यांनी केसपेपरच्या मागे लिव्हरचं चित्र काढलं, पेनानं एक रेघ मारली आणि म्हणाले, “रेघेपलीकडचं राहील, त्याला सगळा भार पेलता आला पाहिजे.” अण्णांच्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) 70 हजार, म्हणजे कमी, अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या. पेलणार नव्हतं. म्हणून सोनोग्राफीत बघत त्वचेतून सुई घालून गाठ जाळली. टाका एकही नाही.

प्रत्यारोपणाचा विचार होतो तो पोटात पाणी, कावीळ, रक्ताच्या उलट्या, बरळणं सुरू झालं आणि लिव्हर हात टेकायला लागलं की. किंवा गाठी मर्यादेत असतील तर, म्हणजे साधारण एकच 5 सेंटिमीटरपर्यंत, नाहीतर तीनपर्यंत आणि प्रत्येक 3 च्या आत. तिथे आधी गोळ्या की आधी प्रत्यारोपण, हे तज्ज्ञांनाच ठरवू द्या. गोळ्यांनी लिव्हर सावरून काहींचं प्रत्यारोपण टळतं, तर फारच बिघडलेल्यांना आधी लिव्हर बदलून मग गोळ्या देतात.

2018 पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या गोळ्या मोफत आहेत, सिव्हिलला चौकशी करा. त्याआधी वडिलांचा रिपोर्ट नीट बघा. नुसती अँटिबॉडी (विषाणू कधीतरी अंगात आल्याची खूण) पॉझिटिव्ह असेल तर आरएनए करून घ्या. काहींच्या अंगातून विषाणू आपसूक गेलेला असतो, मग ऑपरेशन सोडाच, गोळ्याही लागत नाहीत.