इम्प्लांटभोवतीची सूज: सुरुवातीला एवढे सांभाळा

फोंड्यात दवाखाना सुरू करून आपण इम्प्लांटकडे, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाकडे, वळत आहात, याचा आनंद वाटला. हाडाचे कलम, सायनस लिफ्ट (वरच्या जबड्यात हाडाची उंची वाढवण्याची शस्त्रक्रिया) हे विषय सध्या बाजूला ठेवा. सूज येते ती जंतूंच्या थरामुळे; तो इम्प्लांटभोवती कशामुळे साचून राहतो, तेवढे आधी पक्के करा.

सर्वांत घातक चूक म्हणजे क्राऊन (इम्प्लांटवरचा कृत्रिम दात) चिकटवताना हिरडीखाली राहून गेलेले सिमेंट. क्राऊनची कड खोल असली की ते डोळ्यांना दिसत नाही, प्रत्येक सिमेंट एक्स-रेतही उमटत नाही, आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, रुग्ण रक्त व पू येत असल्याची तक्रार घेऊन परत येतो. म्हणून शक्य तिथे स्क्रूने बसणारा क्राऊन निवडा. सिमेंट वापरायचेच असेल, तर कड नजरेत राहील अशी ठेवा आणि सिमेंट अगदी थोडे घ्या.

दुसरी चूक आकाराची. हिरडीतून वर येताना क्राऊन इम्प्लांटच्या उभ्या अक्षापासून 30 अंशांहून अधिक फुगला, तर त्याच्या कडेखाली सफाई नीट होत नाही. क्राऊन बसवण्याच्या दिवशी रुग्णाच्या हाती आरसा आणि दातांच्या फटींत जाणारा बारीक ब्रश द्या व त्याच्याकडूनच सफाई करवून घ्या. जमत नसेल तर क्राऊन लॅबकडे परत पाठवा, मग ती मडगावची असो वा मुंबईची.

शेजारच्या दातांचा हिरड्यांचा आजार आटोक्यात आणल्याशिवाय इम्प्लांट बसवू नका. क्राऊन बसवल्यानंतरचा एक्स-रे आणि प्रोबिंगची (बारीक सळईने हिरडीखालची खोली मोजण्याची) नोंद मात्र जपून ठेवा; पुढे हाड खरेच झिजले का, हे तिच्याशी ताडूनच ठरवायचे असते.