टायकोचा काठ, कड की कडा?

लातूरहून एका विज्ञानशिक्षकांनी विचारलंय: शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावून लेकरांना चंद्रावरचं टायको नावाचं क्रेटर दाखवायचं आहे. क्रेटरला 'विवर' म्हणू की सरळ 'खड्डा'? आणि त्याच्या आतल्या-भोवतीच्या गोष्टींना मराठीत काय म्हणायचं?

सर, 'विवर'च म्हणा. छापील मराठीत तो शब्द पक्का बसलाय. तक्रार एवढीच की विवर म्हटलं की अरुंद, खोल भोक डोळ्यांपुढं येतं (कृष्णविवरानं त्यात भरच घातली), आणि टायको तसं नाही. रुंदी सुमारे ८५ किलोमीटर, खोली पाच किलोमीटरच्या आत. जालना ते संभाजीनगर एवढं अंतर त्यात बसवून वर जागा उरेल. हे आकडे आधी सांगून टाका.

'खड्डा' मात्र नको. खड्ड्याला उंचावलेला काठ नसतो, विवराला असतो. लोणार बुलढाण्यात असलं तरी आपल्या मंठ्याहून लांब नाही. तिथं जाऊन आलेली पोरं वर्गात असतील तर त्यांना विचारा. उल्केच्या धडकेनं उचकटून बाहेर पडलेल्या खडकामुळं तिथला काठ भोवतालच्या रानापेक्षा वीसेक मीटर उंच आहे.

खरा घोटाळा 'कडा' या शब्दात आहे. 'विवराच्या कडा उंच आहेत' यात स्त्रीलिंगी 'कड'चं अनेकवचन आहे, म्हणजे बाजू, किनार. 'विवराचा कडा उंच आहे' म्हटलं की तो पुल्लिंगी कडा, तुटलेला उभा खडक. विभक्ती लागली की फरक आणखी उघडा पडतो: कडेला उभं राहता येतं, कड्यावरून पडता येतं, आणि कडेवर तर लेकरू असतं! म्हणून मी सरळ 'काठ' म्हणतो. विहिरीला चालतो तो शब्द विवराला का चालू नये? टायकोच्या काठावरून आत पाहिलं तर खाली कडे दिसतील. दोन्ही शब्द आपापल्या जागी लागतातच.

आतल्या उतारावर टप्प्याटप्प्यांनी उतरत गेलेले भाग दिसतात. त्यांना 'पायऱ्या' म्हणू नका, परभणीकडच्या पोरांना बारव आठवेल आणि कुणीतरी त्या घडवल्या असं वाटेल. उभी भिंत स्वतःच्या वजनानं खचत गेली, त्याचे ते टप्पे. आपल्याकडं पावसाळ्यात विहीर 'ढासळते', तेच क्रियापद इथंही वापरा. मधोमध जवळपास दोन किलोमीटर उंचीचं शिखर आहे, त्याला 'मध्यशिखर' ठीक. दणक्यानंतर तळ उसळून वर आला आणि तसाच राहिला. लोणारसारख्या लहान विवरात ते होत नाही.

उरले टायकोभोवती पसरलेले 'किरण'. या शब्दानं मुलांना वाटतं की टायकोतून उजेड बाहेर पडतोय. प्रत्यक्षात धडकेत फेकल्या गेलेल्या मालाचे ते फिकट पट्टे, काही दीड हजार किलोमीटरपर्यंत गेलेले. टायको सुमारे ११ कोटी वर्षांचं, चंद्राच्या हिशेबानं कोवळं, म्हणून पट्टे अजून उजळ आहेत. मी 'किरणपट्टे' म्हणतो.

दाखवायला मात्र दोन वेगळ्या रात्री घ्या. काठ आणि टप्पे शुद्ध नवमी-दशमीला, कारण तेव्हा तिथं नुकतंच उजाडलेलं असतं आणि सावल्या लांब पडतात. किरणपट्ट्यांना उंचीच नाही, त्यामुळं सावलीही नाही. ते पौर्णिमेलाच झकास दिसतात.