लग्न दोघांची खाजगी गोष्ट आहे, मग सरकार मध्ये कशाला हवं?

कोणी कोणाशी लग्न करायचं यात सरकारला काडीचाही अधिकार नसावा, इथपर्यंत मी तुमच्या बाजूने आहे. पण तुम्ही पुढे लिहिलंय की नोंदणी, कायदे सगळंच काढून टाका, दोघं आपापसात बघून घेतील, ते मला अजिबात पटत नाही.

सरकार चुकीच्या जागी घुसलं की काय होतं ते अमेरिकेतल्या रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंगच्या केसमध्ये दिसतं. तो गोरा, ती कृष्णवर्णीय. १९५८ मध्ये दोघं वॉशिंग्टनला जाऊन रीतसर लग्न करून व्हर्जिनियात परत आले आणि काही आठवड्यांतच रात्री शेरीफ थेट बेडरूममध्ये, भिंतीवर लावलेलं लग्नाचं सर्टिफिकेट दाखवलं तर म्हणे ते इथे चालत नाही. एक वर्षाची कैद, आणि ती टाळायची तर २५ वर्षं जोडीने राज्यात पाय ठेवायचा नाही! गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांच्या लग्नाला बंदी घालणारा तो कायदा सुप्रीम कोर्टाने रद्द केला थेट १९६७ ला.

आता उलटी बाजू बघा. अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातले जिम ओबरगेफेल आणि जॉन आर्थर, दोघंही पुरुष, वीस वर्षं एकत्र राहत होते, दोघांनी आपापसात सगळं बघूनच घेतलं होतं की. जॉनला एएलएस म्हणजे हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार झाला, अंथरुणाला खिळला, ओहायोत त्यांच्या लग्नाला मान्यता नव्हती म्हणून २०१३ मध्ये मेडिकल विमानाने मेरीलँडला गेले आणि धावपट्टीवर उभ्या विमानातच लग्न केलं. तरी ओहायो जॉनच्या मृत्यूच्या दाखल्यावर जोडीदार म्हणून जिमचं नाव लावायला तयार नव्हतं. त्या एका रकान्यासाठी माणूस सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि २०१५ मध्ये जिंकला. सगळं सुरळीत चालू असताना त्या कागदाची किंमत कळत नाही हो, पण आजारपण, मृत्यू, वारसा, मुलांचा ताबा, अशा वेळी समोरचा माणूस पहिलं विचारतो की तुम्ही यांचे कोण.

आणि दोघं बघून घेतील म्हणजे खरं तर ज्याच्याकडे पैसा आणि ताकद जास्त तो बघून घेतो. इंग्लंडमध्ये १९९१ पर्यंत नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार हा साधारणपणे गुन्हाच धरला जात नव्हता, घरातला मामला म्हणून, आणि असल्या खाजगीपणाची मला मनापासून चीड येते. तिथे सरकारने दार तोडून आत जायलाच हवं.

लग्नातून बाहेर पडताना मात्र सरकारने कमीत कमी विचारावं. त्याच इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून कोणाची चूक हे सिद्ध न करता घटस्फोट मिळतो, नाहीतर आधी पटकन सुटायचं तर जोडीदारावर आरोपच करावे लागायचे.

तुम्हाला लग्नच नको असेल तर फ्रान्समध्ये १९९९ पासून पॅक्स नावाचा नोंदणी करार आहे, स्त्री-पुरुष जोडपीही तो भरपूर करतात आणि दोघांपैकी एकालाही तो मोडता येतो. मला विचाराल तर नोंदणी बंद करा म्हणण्यापेक्षा असे पर्याय मागा.